ठाण्यातल्या १७ × १०.५ फुटी हॉलसाठी स्पीकर: गाणी जास्त, सिनेमे कमी, बजेट ३० हजार

घोडबंदर_बारावा_मजला

नमस्कार मंडळी. कासारवडवलीला टू बीएचके आहे. हॉल १७ फूट लांब, साडेदहा फूट रुंद, उंची साडेनऊ फूट. ५५ इंची टीव्ही लांब भिंतीच्या मधोमध. सोफा समोरच्या भिंतीला टेकलेला, कानापासून टीव्ही साधारण आठ फुटांवर. डावीकडे बाल्कनीचं सरकतं काचेचं दार, उजवीकडे स्वयंपाकघराकडे जाणारा मोकळा पॅसेज. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, गालिचा नाही.

ऐकणं म्हणाल तर सत्तर टक्के गाणी: भावगीतं, नाट्यसंगीत, थोडं शास्त्रीय. बाकी ओटीटीवरचे सिनेमे, तेही रात्री मुलं झोपल्यावर. टीव्हीला एचडीएमआय आर्क (टीव्हीचा आवाज बाहेर पाठवणारं एचडीएमआय पोर्ट) आहे, ऑप्टिकलही आहे. आई-बाबा दिवसभर मालिका बघतात, त्यांना दुसरा रिमोट हाती द्यायचा नाही. भिंत फोडायची नाही.

५.१ चा (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) तयार डबा घ्यावा, साउंडबार घ्यावा, की दोन बुकशेल्फ (फळीवर मावतील एवढे स्पीकर) आणि वेगळा ॲम्प्लिफायर, म्हणजे ॲम्प? दुकानात जो तो "हजार वॅट" सांगतोय. या खोलीला खरंच किती लागतात?

डग्गा_आणि_डेसिबल

आधी वॅटचं मिटवू, म्हणजे निम्मे पर्याय आपोआप गळतील.

बुकशेल्फ स्पीकरची सेन्सिटिव्हिटी बहुतेक वेळा ८५ ते ८८ डेसिबल असते. ८६ धरा. म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरला एक वॅट दिला की एक मीटरवर ८६ डेसिबल. तुमचे कान अडीच मीटरवर, तिथे अंतरापोटी साधारण ८ डेसिबल जातात. दोन स्पीकर मिळून ३ परत येतात, आणि बंद खोलीतल्या भिंती आणखी दोन-तीन देतात. हिशेब ८३-८४ वर येतो, तोही प्रत्येकी फक्त एका वॅटवर. दहापट पॉवर दिली की १० डेसिबल वाढतात, म्हणजे प्रत्येकी दहा वॅटला ९३-९४. घरात सिनेमा बघताना संवाद ६५-७० च्या आसपास असतात, स्फोट-बिफोट त्याहून वीसेक डेसिबल वर. तेव्हा खरे ३० वॅट असले तरी तुमच्या हॉलला उरतील. "हजार वॅट" हा पीएमपीओचा, म्हणजे क्षणभराच्या फुगवलेल्या पॉवरचा आकडा असतो, त्याकडे बघूच नका. मागच्या बाजूला आरएमएस (सतत मिळणारी पॉवर) किती आणि किती ओहमला, एवढंच वाचा.

छोट्या क्लास-डी ॲम्पच्या जाहिरातींतही हीच गंमत आहे. टीपीए ३२५५ चिपच्या ॲम्पवर "३०० वॅट प्रति चॅनल" लिहिलेलं दिसेल. तो आकडा ४ ओहमचा, जास्तीत जास्त व्होल्टेजचा आणि बहुधा १० टक्के डिस्टॉर्शन धरून असतो. तुम्ही सोबत आलेला अडॅप्टर बघा. ३२ व्होल्ट, ५ अँपिअर असेल तर सगळा मिळून तो १६० वॅट देतो, दोन्ही चॅनलना वाटून. ३२ व्होल्टवर ८ ओहमच्या स्पीकरला कागदावरसुद्धा ६४ वॅटच्या वर जाता येत नाही (व्होल्टेजचा वर्ग भागिले ओहमची दुप्पट). ॲम्प वाईट नाही, फक्त डब्यावरचा आकडा त्या अडॅप्टरवर निघत नाही. आणि ६४ सुद्धा तुम्हाला पुष्कळ झाले.

आता ५.१ चा डबा. या किमतीत त्यात अडीच-तीन इंची पाच छोटे सॅटेलाइट स्पीकर येतात. त्यांचा आवाज १५०-२०० हर्ट्झच्या खाली उतरत नाही, म्हणून त्याखालचं सगळं सबवूफरवर (खर्जाचा वेगळा स्पीकर, थोडक्यात सब) ढकलतात. पुरुषाच्या आवाजाचा खर्ज १०० च्या आसपास, डग्ग्याची घुमारही तिथेच कुठेतरी. परिणाम असा की तबल्याची चाट टीव्हीखालून वाजते आणि डग्गा कोपऱ्यातून. शास्त्रीय ऐकणाऱ्याला हे दोन दिवसांत खुपायला लागतं. शिवाय सोफा भिंतीला टेकलेला असताना मागचे दोन स्पीकर ठेवणार कुठे? ते कानाच्या बाजूला, किंचित मागे लागतात. डोक्यावर टांगले की नुसता गलका.

म्हणून माझं मत सरळ आहे: पुढचे दोनच घ्या, पण धड घ्या. पाच ते साडेसहा इंची वूफर (खालच्या स्वरांचा मोठा पडदा), त्याच्या कडेला रबराची पट्टी म्हणजे सराउंड, जमलं तर पोर्ट (खोक्यातलं हवेचं भोक) पुढच्या बाजूला, कारण तुमचे स्पीकर भिंतीजवळच बसणार. तीसपैकी १६-१७ हजार स्पीकरला, ९-१० ॲम्पला, दोन हजार वायर आणि पॅडला. सबची घाई नको. आधी काही महिने त्याशिवाय ऐका.

एकच_रिमोट

वरच्या उत्तरातल्या आवाजाच्या गणिताशी भांडण नाही. पण प्रश्नातलं "आई-बाबा" हे वाक्य त्यांनी सोडूनच दिलं. घरात सगळ्यात जास्त तास स्पीकर तेच वापरणार आहेत.

स्वस्त क्लास-डी ॲम्पमध्ये बहुतेकदा आरसीए आणि ब्लूटूथ एवढंच असतं, आर्क नसतं. ऑप्टिकलचा आवाज बहुतेक टीव्हींवर ठरावीक पातळीला बाहेर पडतो, म्हणजे टीव्हीच्या रिमोटने व्हॉल्यूम हलत नाही. ब्लूटूथवर ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो. ब्लूटूथच्या साध्या एसबीसी कोडेकवर (आवाज दाबून पाठवायची पद्धत) दीडशे-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर सहज होतो. गाण्याला चालेल, मालिकेला नाही. तेव्हा ॲम्प घ्या किंवा साउंडबार, एचडीएमआय आर्क आणि सीईसी (एकाच रिमोटने दोन्ही उपकरणं चालवायची सोय) हवंच. सीईसी टीव्हीत बंद असेल तर चालू करावं लागतं. सॅमसंगमध्ये त्याला ॲनिनेट प्लस म्हणतात, एलजीत सिंपलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. ते चालू केलं की टीव्हीसोबत ॲम्प चालू-बंद होतो आणि त्याच रिमोटने आवाज कमी-जास्त.

टीव्हीची एक सेटिंग मात्र नीट करा. साउंड मेनूत डिजिटल आउटपुट "पीसीएम" (साधा, उलगडलेला आवाज) करा. "ऑटो" किंवा "बिटस्ट्रीम" ठेवलं आणि ओटीटीवर ५.१ चा सिनेमा लागला की टीव्ही डॉल्बीचा कच्चा डेटा पाठवतो. दोन स्पीकरच्या ॲम्पमध्ये डॉल्बी डिकोडर नसेल तर एकतर शुकशुकाट किंवा खरखर. जाहिरात लागली की आवाज येतो, सिनेमा सुरू झाला की जातो, अशी तक्रार असेल तर दहापैकी नऊ वेळा कारण हेच. लोक उगाच केबल बदलत बसतात.

साउंडबारच घ्यायचा ठरला तर ३.१ घ्या, म्हणजे मधला स्पीकर संवादासाठी वेगळा मिळतो. २.१ मध्ये तो नसतो. वरच्या दिशेने आवाज फेकणाऱ्या ॲटमॉस बारला सपाट, कडक छत लागतं. तुमच्या हॉलमध्ये पीओपीचं फॉल्स सीलिंग आणि आत लपवलेले दिवे असतील तर त्या फीचरचे पैसे वाया. पण गाण्यांसाठी बार घ्या असं मीही म्हणणार नाही. तीन-साडेतीन फुटांच्या डब्यात डावं-उजवं किती वेगळं होणार?

डग्गा_आणि_डेसिबल

आर्कचा मुद्दा मान्य. मग बजेट थोडं सरकवा: ॲम्पला १२-१३, स्पीकरला १४-१५. आर्क आणि सब आउट (सब जोडायची जागा) दोन्ही असलेला ॲम्प मिळत असेल तर तोच घ्या. विम ॲम्प त्या जातीचा आहे, ८ ओहमला ६० वॅट, पण किमतीत तो तुमच्या पूर्ण बजेटला भिडेल. त्याच धर्तीचे लहान ॲम्प आता बरेच आलेत.

वेगळा ॲम्पच नको असेल तर ॲक्टिव्ह, म्हणजे आतच ॲम्प असलेले स्पीकर बघा. एडिफायर आर१२८०डीबीएसमध्ये ऑप्टिकल, ब्लूटूथ, सब आउट आहे. वूफर चार इंची, दोन्ही मिळून ४२ वॅट. आठ फुटांवरून भावगीताला छान, सिनेमाला थोडा हडकुळा. आर्क नाही, म्हणजे त्याचा वेगळा रिमोट आलाच. ॲक्टिव्हमधली दुसरी अडचण अशी की आतला ॲम्प गेला तर सगळा संच दुरुस्तीला.

घोडबंदर_बारावा_मजला

खूप उपयोग झाला. आणखी दोन शंका. टीव्ही युनिट पाच फूट रुंद, दीड फूट उंच, वर टीव्ही भिंतीवर. युनिटच्या दोन टोकांना उघडे कप्पे आहेत, स्पीकर त्यांत बसवू का? आणि सब घेतला तर खालच्या मजल्यावर त्रास होईल का? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मिक्सरवरूनही भांडणं होतात.

खाडीकाठ_ऐरोली

कप्प्यात नको. कप्प्याच्या बाजू आणि वरची फळी आवाज परत फेकतात, आणि १००-३०० हर्ट्झच्या पट्ट्यात आवाज फुगतो. पुरुष गायक मडक्यात तोंड घालून गातोय असं वाटतं. दुसरा मार्गच नसेल तर स्पीकरचं तोंड कप्प्याच्या कडेच्या इंचभर बाहेर आणा, मोकळ्या जागेत जुने टॉवेल किंवा फोम भरा आणि मागचा पोर्ट पायमोज्याने बंद करा. पण त्यापेक्षा युनिटच्या वर, दोन टोकांना ठेवा. दीड फूट उंचीवर ट्वीटर (वरच्या स्वरांचा लहान पडदा) कानाच्या खाली राहील. सोफ्यावर बसल्यावर कान जमिनीपासून ३६ ते ४० इंचांवर असतात. तेव्हा स्पीकरच्या पुढच्या कडेखाली रबराचा तुकडा देऊन तोंड जरा वर करा. पाच फुटांच्या युनिटवर दोन ट्वीटरमध्ये जेमतेम साडेचार फूट अंतर मिळेल, कान आठ फुटांवर. स्टिरिओ अरुंद होईल. युनिटच्या दोन्ही बाजूंना २४ इंची लोखंडी स्टँड उभे केलेत तर साडेसहा-सात फूट मिळतात, आणि फरक लगेच कळतो. एखाद्या फॅब्रिकेटरकडून दीड इंची चौकोनी पाइपचे करून घ्या, पाइपमध्ये वाळू भरा. तयार स्टँडपेक्षा स्वस्त पडतात. लहान मुलं आहेत, म्हणून तळपट्टी रुंद ठेवायला सांगा. स्पीकर भिंतीपासून किमान १५-२० सेंटिमीटर पुढे.

आता सब. त्याआधी तुमच्या खोलीचा हिशेब बघा, कारण ठाणे-नवी मुंबईतले हॉल बहुतेक याच मापाचे असतात. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये जी लहर अडकते तिची फ्रीक्वेन्सी म्हणजे ३४३ भागिले मीटरमधल्या अंतराची दुप्पट. रुंदी ३.२ मीटर, म्हणून ५४ हर्ट्झ. उंची २.९ मीटर, ५९ हर्ट्झ. लांबी ५.२ मीटर, पहिली लहर ३३ आणि दुसरी ६६. म्हणजे ५४, ५९, ६६ असे तिघे एकाच जागी गोळा झालेत. तिथे ढमढम होणारच. काँक्रीटच्या भिंती आणि टाइल्स यातलं काहीच शोषत नाहीत. उजवीकडचा पॅसेज उघडा आहे म्हणून लांबीची लहर थोडी सैल पडेल, एवढंच.

त्यात सोफा भिंतीला टेकलेला. रुंदीच्या लहरीचा दाब भिंतीपाशी सर्वात जास्त, म्हणजे तुमचं डोकं बरोबर तिथेच आहे. सोफा फूटभर पुढे ओढा. फुकटात होणारी ही सर्वात मोठी सुधारणा आहे. साडेदहा फुटांच्या हॉलमध्ये घरच्यांना हे पटवणं वेगळी गोष्ट! नाहीच जमलं तर सोफ्यामागच्या भिंतीवर, डोक्याच्या उंचीला, जाड कापडाखाली ५० मिलिमीटरचं रॉकवूल असलेली दोन बाय चारची पॅनेलं लावा. त्याने खर्ज कमी होणार नाही, पण मधला-वरचा आवाज मागून परत आदळायचा थांबतो. समोर टाइल्सवर पाच बाय सातचा जाड गालिचा आणि बाल्कनीच्या काचेवर दुहेरी पडदा. हॉलमध्ये उभं राहून टाळी वाजवा. "टर्रर्र" असं मागे ऐकू येत असेल तर अजून कापड हवं.

सबची जागा कानाने शोधा. सब तात्पुरता सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा, खर्जातलं एखादं गाणं किंवा ४० ते ८० हर्ट्झचा स्वीप (हळूहळू चढत जाणारा स्वर) लावा आणि जमिनीलगत कान नेत समोरच्या भिंतीकडे फिरा. जिथे सगळे स्वर साधारण सारखे ऐकू येतात तिथे सब. कोपऱ्यात आवाज मोठा येतो, पण ढमढमही सगळ्यात जास्त तिथेच. क्रॉसओव्हर (ज्याखालचं सब वाजवतो ती सीमा) ८० हर्ट्झ. सबवरचा फेजचा स्विच ० आणि १८० करून बघा, सोफ्यावर ज्यात खर्ज भरीव लागतो ती ठेवा. ॲम्पला इक्वलायझर असेल तर ५५-६० च्या आसपास ४-५ डेसिबल कमी करा. जिथे खड्डा आहे तिथे वाढवू नका, भरत नाही, नुसता ॲम्प दमतो.

शेजाऱ्यांचं म्हणाल तर खर्ज स्लॅबमधून जातो आणि काँक्रीट तो दूरपर्यंत नेतं. सबखाली रबर किंवा दाट फोमचा पॅड ठेवला की जमिनीत थेट जाणारा थरथराट कमी होतो, हवेतून जाणारा नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्र म्हणजे १० ते ६. तुम्ही सिनेमे दहानंतरच बघणार, तेव्हा सबचा प्लग वेगळ्या स्विचवर घ्या आणि रात्री सरळ बंद करा. टीव्हीत किंवा ओटीटी ॲपमध्ये नाइट मोड किंवा डायनॅमिक रेंज कमी करायची सोय असेल तर ती चालू ठेवा, म्हणजे कुजबुज ऐकू येते आणि स्फोटाला रिमोटकडे धावावं लागत नाही. खरं सांगायचं तर तुमच्या वापराला साडेसहा इंची बुकशेल्फ असतील तर सब लागेल असं मला वाटत नाही.

दीड_एमएम

वायरवर कुणी बोललं नाही म्हणून. "ऑक्सिजन फ्री" वगैरे नावाने मीटरला शेकड्यांत विकतात, त्याची गरज नाही. इलेक्ट्रिकच्या दुकानातली दीड एमएमची मल्टिस्ट्रँड तांब्याची वायर घ्या, लाल आणि काळी. तिचा रोध मीटरला सुमारे ०.०१३ ओहम. पाच मीटरची जाऊन-येऊन दहा मीटर, ०.१३ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरपुढे हे दोन टक्क्यांहूनही कमी. ऑनलाइन स्वस्तात मिळणारी पारदर्शक स्पीकर वायर बरेचदा सीसीए असते, आत ॲल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा. ब्लेडने एक तार खरवडा, आत पांढरी निघाली तर परत करा.

ती इथे का नको, याचं कारण हवा आहे. खाडी जवळ, पावसाळ्यात आर्द्रता, वर खाडीचा आणि नाल्यांचा तो ओळखीचा वास. त्यातला हायड्रोजन सल्फाइड उघड्या तांब्याला काळं करतो. सीसीएचं टोक तर आणखी लवकर खराब होतं. टोकांना बनाना प्लग घट्ट स्क्रूने लावा, दर पावसाळ्यानंतर एकदा काढून परत लावा. एका बाजूचा आवाज मधेच जातो-येतो, तो बहुतेक इथेच. फोमचा सराउंड असलेले जुने स्पीकर याच हवेत चिकट होऊन तुटतात, म्हणून वर रबर सांगितलंय ते बरोबर. एमडीएफचा खोका फिनाइलच्या पोछ्यापासून वर ठेवा, एकदा खालची कड फुगली की बसत नाही.

जोडताना तीन गोष्टी. पहिली, ॲम्प बंद असतानाच जोडा. एक सुटी तार लाल-काळ्याला एकत्र शिवली तरी आउटपुट स्टेज जाऊ शकते. दुसरी, क्लास-डी ॲम्पचे दोन काळे टर्मिनल एकमेकांना जोडू नका, ते अर्थ नसतात, त्यांतही सिग्नल असतो. तिसरी, पोलॅरिटी. एक स्पीकर उलटा जोडला गेला तर गायक मधोमध न बसता खोलीभर पसरतो आणि खर्ज गायब होतो. शंका असेल तर ॲम्पपासून वायर सोडवा आणि दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा: प्लस लाल टोकाला लावल्यावर वूफर बाहेर सरकला पाहिजे.

गुणगुण येत असेल तर केबल टीव्हीची कोॲक्स सेटटॉप बॉक्समधून काढून बघा. थांबली तर ग्राउंड लूप (वेगवेगळ्या अर्थमधून फिरणारा नको तो प्रवाह) आहे. टीव्ही, बॉक्स, ॲम्प सगळे एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. ॲम्पच्या प्लगची अर्थची पिन काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

डग्गा_आणि_डेसिबल

दुकानात ऐकायला जाल तेव्हा त्यांची डेमो क्लिप नको, स्वतःची गाणी न्या. तीन प्रकार पुरे: तानपुऱ्यावर आलाप, तबल्यासोबत पुरुषाचा आवाज, आणि बऱ्याच वाद्यांचं एखादं नाट्यपद. तानपुऱ्यात जवारी ऐकू येते का, की नुसता भुंगा? डग्ग्यावर मींड काढली की स्वर सरकताना कळतो का, की एकच "धप्प"? ऑर्गन आणि गायक एकाच पट्टीत आले की शब्द स्पष्ट राहतात का? दोन जोड्यांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी करा, फोनवरचं डेसिबल मीटर ॲप त्याला पुरतं. एक डेसिबल मोठा वाजणारा नेहमीच चांगला वाटतो, आणि विकणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. दुकानातला इक्वलायझर आणि बास बूस्टही बंद करायला सांगा.

जुने घेणार असाल तर वूफर दोन्ही बाजूंनी सारखा दाब देऊन हळूच आत ढकला. घासल्याचा आवाज आला तर कॉइल गेलेली आहे, सोडून द्या. दोन्ही ट्वीटरना वेगवेगळं कान लावून ऐका.

घोडबंदर_बारावा_मजला

ठरवलं: साडेसहा इंची बुकशेल्फ, आर्कवाला ॲम्प, फॅब्रिकेटरचे स्टँड, दीड एमएम वायर. सब नाही. सोफा सहा इंच पुढे आणायला मंजुरी मिळाली आहे, फुटाची चर्चा चालू आहे. एक शेवटचं: टीव्हीच्या मागे आर्क लिहिलेल्या पोर्टात सध्या सेटटॉप बॉक्स आहे. ॲम्प दुसऱ्या एचडीएमआयला लावला तर चालेल का?

एकच_रिमोट

नाही. आर्क त्या एकाच पोर्टवर चालतं. ॲम्प तिथे, सेटटॉप बॉक्स बाजूच्या पोर्टात. केबल साधी हाय-स्पीड एचडीएमआय पुरते, दोन-तीन मीटरपर्यंत काही अडचण नाही. आणि बॉक्स हलवल्यावर टीव्हीचा डिफॉल्ट इनपुटही लगेच बदलून ठेवा. नाहीतर सकाळी मालिकेच्या वेळेला आई-बाबांसमोर "नो सिग्नल" येईल आणि ठपका नव्या स्पीकरवर.